हिमानी झोपली का?

त्या संध्याकाळी आमच्या घरात जो ठराव मंजूर झाला तो असा: वृषाली भोपाळला जाईल, आणि हिमानीला मी झोपवू शकलो तर हिमानी माझ्याजवळ राहील, नाही तर सौंसरला. ठराव वृषालीने मांडला, तिच्या आईने सौंसरहून फोनवर अनुमोदन दिले, आणि माझे मत विचारण्याच्या आत कुकरची शिट्टी झाली.

वृषाली, म्हणजे माझी पत्नी, सरकारी शाळेत शिक्षिका आहे. भोपाळला महिनाभराने पंधरवड्याचे निवासी प्रशिक्षण होते आणि जिल्ह्यातून निवडलेल्या मोजक्या नावांत तिचे नाव होते. ते सोडायचे नाही, यावर सगळ्यांचे एकमत होते. अडचण होती ती आमच्या दोन वर्षांच्या आतल्या मुलीची. हिमानी जेवते कोणाच्याही हातून आणि खेळते कोणाशीही. झोपते मात्र फक्त आईजवळ. मी शेजारी आडवा झालो की तिला वाटते, घोडा आला.

"पोट्टी इकडे आणून द्या," सासूबाई फोनवर म्हणाल्या. विजयमालाबाई बोलतात तेव्हा फोन कानाला लावावा लागत नाही. "जवाई बातम्या पाहातील का लेकरू पाहातील? पुरुषाच्या हातानं कुठं लेकरं झोपतेत काय?"

सौंसर काही लांब नाही, बसने जाता येते. रोज भेटून येईन, असे मी म्हणू शकलो असतो. पण मी एका दैनिकाचा पांढुर्ण्याचा वार्ताहर आहे. दिवसभर बाजार समिती, कोर्ट, पोलीस ठाणे आणि कोणाकोणाची उद्घाटने करून मी घरी येतो, तेव्हा दारात एक छोटी व्यक्ती दोन्ही हात वर करून उभी असते. ती नसेल तर घरी आल्यावर दार उघडण्याला काही अर्थ राहणार नव्हता. हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून मी "बघू" म्हणालो.

वृषालीने मला पद्धत समजावून दिली. कोमट पाण्याने अंघोळ, मग तळपायांना तेल, मग दिवा मंद, मग हळू आवाजात तेच गाणे किंवा तीच गोष्ट, आणि पाठीवर थोपटणे. क्रम बदलायचा नाही. लहान मुलांना पुढे काय होणार हे कळले की ती शांत होतात, असे तिचे म्हणणे. मला ते पटले. मोठ्यांचेही तसेच असते. वर्तमानपत्रातले राशिभविष्य एक दिवस पान बदलून छापले तर छिंदवाड्याच्या कार्यालयापर्यंत फोन जातात. शिवाय ठरलेले काम ठरलेल्या वेळेत पुरे करणे हाच माझा धंदा. मी संपादकांना कळवले की आता माझा मजकूर दिवस मावळण्याआधी येईल. त्यांनी विचारले, "कोणी आजारी आहे का?"

पहिल्या संध्याकाळी अंघोळीपासून सुरुवात झाली. कोमट पाण्याने मूल सैल पडते, असा नियम आहे. आमचे मूल टबात उभे राहिले आणि त्याने मला अंघोळ घातली. तेलाच्या बाबतीत माझी चूक अशी झाली की आधी तेल लावले आणि मग मुलीला खाली ठेवले. तेल लावलेल्या तळव्यांनी फरशीवर पळणारे मूल पकडणे हा प्रकार ज्याने केला नाही त्याला मी सांगू शकणार नाही. तेवढ्यात समोरच्या कलाबाई वाटी परत द्यायला आल्या. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत उमटलेली ती इवली तेलकट पावले पाहून त्यांनी आधी हात जोडले.

"दिवाळी होऊन गेली न् लक्ष्मी आता आली काय तुमच्या घरी?"

"आली नाही. पळून राहिली आहे."

"मंग दार लावा," कलाबाई म्हणाल्या आणि वाटी ठेवून बसल्या.

गाण्याच्या जागी मी गोष्ट ठेवली, कारण माझ्या गाण्याबद्दल घरात आधीच एक ठराव आहे. गोष्ट मीच केली होती. तिच्यात माझ्या वार्तापत्राची सगळी गावे एकेक करून झोपत. जाम नदी झोपली, नदीपलीकडे सावरगाव झोपलं, संत्र्याच्या बागा झोपल्या, मोहगाव झोपलं, सौंसर झोपलं, रामाकोना झोपलं. गोष्टीत दुसरे काही घडत नाही. हिमानीने ती रामाकोन्यापर्यंत लक्ष देऊन ऐकली. मग उठून बसली आणि खिडकीकडे बोट करून म्हणाली, "चांदो."

चंद्र नव्हता. आमच्या खिडकीसमोरच्या खांबावरचा पथदिवा होता. नवा, पांढरा, थेट आमच्या पलंगावर पडणारा. हा चंद्र ढगात जात नव्हता आणि मावळतही नव्हता. हिमानी त्याला हात हलवत बसली.

तेव्हा मी दोन आघाड्या उघडायचे ठरवले: एक आवाजाची, दुसरी दिव्याची. पुढे जे झाले त्याचे मूळ या निर्णयात आहे.

आवाजासाठी मी गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर एक नम्र आवाहन लिहिले. मजकूर आटोपशीर होता. "आपल्या गल्लीतील एका बालिकेची झोपेची सवय बदलण्याचे प्रयत्न सुरू असून, सायंकाळी जेवणानंतरच्या काळात नागरिकांनी शांतता पाळून सहकार्य करावे." खाली माझे नाव. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रे पाठवली. मला वाटले, काम झाले.

आमच्या गल्लीची एक रीत मी विचारात घेतली नव्हती. इथे कोणाच्या घरी काही चालू आहे हे एकदा कळले, की ते तडीस जाईपर्यंत रोज विचारपूस करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असते. कोणाच्या घरी विहिरीला पाणी लागायचे असो की मुलाचा निकाल लागायचा असो, माणसे येता-जाता विचारतात. विचारले नाही तर राग येतो. आता गल्लीला कळले होते की श्रीकांतभाऊच्या घरी पोरगी झोपायची आहे.

जेवून शतपावलीला निघालेला माणूस आमच्या खिडकीशी थांबू लागला.

"झोपली का पोट्टी?"

"झोपतच होती."

"मंग ठीक आहे. झोपू द्या. आवाज नका करू."

तो जाई. मी गोष्ट पुन्हा जाम नदीपासून सुरू करी. सावरगाव झोपते न झोपते तोच दुसरा येई. भूपेंद्र नावाचा एक संत्र्याचा तरुण व्यापारी आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतो. त्याच्या मोटरसायकलचा आवाज सावरगावपर्यंत ओळखतात. त्याने एका संध्याकाळी दार वाजवले.

"भाऊ, गाडी कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणून राहिलो चार दिवसापासून. ऐकू येते काय?"

"नाही रे, अजिबात नाही."

"तेच पुसाले आलो होतो," तो समाधानाने म्हणाला. आत हिमानी पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

सल्लेही येत होते. कलाबाईंच्या मते पोरीला दृष्ट लागली होती. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायला सांगितल्या. आमच्याकडे गॅस असल्याने त्या तव्यावर टाकल्या. अर्धी गल्ली खोकत बाहेर आली. बाहेर आलीच आहे तर तिने विचारून घेतले, झोपली का. शेजारचे भगवंतराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचा विश्वास शिस्तीवर.

"आमच्या अभिजीतला मी पाढे म्हणून झोपवीत असे," ते म्हणाले. "एकोणतिसाच्या पुढे तो कधी गेला नाही."

"म्हणून तर पोट्टा बंगलोरले पळाला," कलाबाई म्हणाल्या. "तिथं तिसापासून शिकवत असन."

दिव्याच्या आघाडीवर मी तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी सौजन्याने हिंदीत बोलत होती. मी सांगितले की खांबावरचा दिवा खिडकीतून आत येतो, त्याला आडोसा लावावा किंवा तोंड फिरवावे.

"सर, लाइट बंद है?"

"नहीं, चालू है."

"तो शिकायत क्या है?"

"यही, कि चालू है."

थोडा वेळ तिकडून कळफलकाचा आवाज आला. मग ती म्हणाली की दिवा बंद असल्याच्या तक्रारीचा प्रकार त्यांच्याकडे आहे. चालू असल्याचा नाही. मी सुचवले की 'इतर' असे काही असेल. 'इतर'मध्ये पाणी येते, ती म्हणाली. शेवटी तिने माझी तक्रार 'दिवा बंद' या प्रकारात नोंदवून टाकली. निदान माणूस तरी येईल, असा तिचा हेतू होता, आणि तो चांगला होता.

माणूस आला. संबंधित विभागाचा लाइनमन कुलदीप, दुपारच्या उन्हात. त्याने दिवा लावून पाहिला, विझवून पाहिला.

"भाऊ, हा तर चालू आहे."

"तेच म्हणून राहिलो मी."

"अन् शिकायत तं बंदची आहे."

"बंदची म्हणून घेतली. चालूची घेत नाहीत."

कुलदीप शिडीवर बसून विचार करू लागला. "मंग तुमची शिकायत खोटी निघते," तो म्हणाला. रागाने नव्हे, मला सावध करण्यासाठी.

त्यानंतर फोन सुरू झाले. तक्रारदार समाधानी आहे असे तक्रारदाराच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय तक्रार मिटत नाही, आणि तक्रार मिटली नाही की ती वरच्या साहेबाकडे जाते. वरचा साहेब खालच्याला बोलतो. त्यामुळे खालचा साहेब दिवसभराची कामे आटोपून, निवांतपणे, नेमका हिमानीच्या झोपेच्या वेळी मला फोन करी.

"आप संतुष्ट हैं?"

"नहीं."

"बिटिया सो गई?" साहेब घरगुती माणूस होता. कुलदीपने त्याला सगळे सांगितले होते.

"अभी सो रही थी."

"अच्छा, अच्छा. सोने दीजिए. सुबह बताइए संतुष्ट हैं कि नहीं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी फोन करीत नसे.

भूपेंद्रला हे पाहवले नाही. त्याने संत्र्याचा पुठ्ठ्याचा खोका घेतला, खांबावर चढला आणि दिव्याला टोपी घातली. कुलदीपने ती दुसऱ्या दिवशी काढली, कारण शासकीय मालमत्तेवर खासगी खोका लावता येत नाही. खोक्यावर भूपेंद्रच्या दुकानाचे नावही होते, तेव्हा विषय जाहिरातीच्या परवान्यापर्यंत गेला. अखेर वरच्या साहेबाचे बोलणे खालच्या साहेबाला असह्य झाले असावे. एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही. विभागाने माझी तक्रार समूळ निकाली काढली होती.

मी त्या अंधारात विजयी मुद्रेने पलंगावर बसलो. अंघोळ झाली होती, तेल झाले होते. हिमानीने खिडकीकडे पाहिले.

"चांदो?"

"चांदो झोपला."

तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी आजवर एवढी मोठी थाप कोणाला मारली नसावी. मग रडायला सुरुवात केली. चांदो नाही तर काहीच नाही. बाहेर अंधारात भगवंतराव ठेचकाळले आणि विचारपुशीला आलेली तीन माणसे एकमेकांवर आदळली.

मी पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, लाइट चालू है?"

"नहीं. बंद है."

"ओके सर," ती मुलगी म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दिवस मावळण्याआधी दिवा लागला. साहेबांचा फोन आला, मी संतुष्ट असल्याचे सांगितले, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. एका महत्त्वाच्या विषयाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून मी मूळ जागी आलो होतो. पदरात एवढे पडले, की हिमानी आता बोलू लागली होती. रोज संध्याकाळी खिडकीतून, दारातून आणि फोनमधून जे ऐकू येई तेच तिचे पहिले वाक्य ठरले. ती बाहुलीपाशी जाई, भांड्यांच्या रॅकपाशी जाई, आणि कमरेवर हात ठेवून विचारी, "झोपी का?"

वृषालीच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सासूबाई सौंसरहून बसने आल्या. सोबत एक मोठी निळी बॅग. तिच्यात त्यांचे एक लुगडे होते आणि उरलेली जागा रिकामी होती. ती कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. वृषालीने हिमानीचे फ्रॉक, स्वेटर आणि कानटोपी घडी करून त्या बॅगेत भरले. "ऐनवेळी धावपळ नको म्हणून," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिले नाही. मला तिचा राग आला नाही. ती दोन्हीकडून कात्रीत होती: मुलगी झोपली नाही तर तिचा पाय निघणार नव्हता, आणि झोपली तर तेही तिला थोडे लागणारच होते.

परीक्षेच्या अटी सासूबाईंनी ठरवल्या. वृषालीने भगवंतरावांच्या घरी जाऊन बसायचे. मी एकट्याने मुलगी झोपवायची. त्या स्वतः कोपऱ्यात सतरंजीवर बसून पाहणार.

"मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. मले तं अशीही झोप येत नाही. गुडघे ठणकतात, डोळ्याले डोळा लागत नाही. रात्रभर पंख्याकडे पाहून राहते मी. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, मोहगावच्या वैद्याचा काढा झाला. तेव्हा मले फसवू नका. पोट्टी झोपल्याचं सोंग करते का झोपते, मले बरोबर समजते."

गल्लीला मी हात जोडून सांगितले होते: आज कोणीही विचारायचे नाही. काहीही झाले तरी नाही. गल्लीने शब्द दिला. पण विचारायचे नाही म्हणजे दूर राहायचे, असा अर्थ आमच्याकडे होत नाही. जेवणे उरकून माणसे भगवंतरावांच्या ओट्यावर जमली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. सतरंजी आली. कोणी बोलेना. भूपेंद्रने गाडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातच ठेवली होती. भगवंतराव तोंडावर बोट ठेवून सगळ्यांच्या मधोमध बसले.

बाहेर पुढे काय झाले ते मला नंतर कळले. मी ते चार वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घेतले आहे.

सावरगावचे चिंधूभाऊ त्या वेळी गल्लीतून जात होते. संत्र्याची बाग असलेला, सगळ्यांच्या सुखदुःखाला जाणारा माणूस. त्यांनी पाहिले की श्रीकांतच्या घराजवळ पंचवीस-तीस माणसे खाली माना घालून चूप बसली आहेत. पांढुर्ण्यात एवढी माणसे एका ठिकाणी बोलल्याशिवाय बसली, तर त्याचे कारण एकच असते. चिंधूभाऊंनी टोपी काढली आणि सतरंजीच्या कडेला टेकले. कोणाला काही विचारावे, तर सगळ्यांच्या तोंडावर बोट. त्यांनी ओळखीच्या दोघा-तिघांना फोनवर हळूच कळवले की श्रीकांतभाऊकडे काहीतरी झाले आहे, या. ते आले, तेही चूप बसले. गोटमारीच्या जत्रेत नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणारी पांढुर्णा आणि सावरगावची माणसे त्या संध्याकाळी एका सतरंजीवर खांद्याला खांदा लावून होती, आणि कोणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

आत मी अंघोळ पार पाडली. हिमानी आजी आल्याच्या आनंदात होती, म्हणून पाणी जास्त उडाले. दिवा मंद केला. खिडकीत चांदो होता. मी तेलाची बाटली उघडली, आणि क्रम तिथे मोडला. हिमानीने बाटली माझ्या हातातून घेतली आणि कोपऱ्याकडे निघाली.

"आजी, पाय."

"मले नाही बाई. तुले."

"पाय," हिमानी म्हणाली. तिचा आवाज सासूबाईंच्याच वळणावर गेला आहे, हे त्या वेळी प्रथम माझ्या लक्षात आले.

"द्या हो आई पाय," मी कुजबुजलो. "रडली तर पुन्हा पहिल्यापासून."

सासूबाईंनी नाइलाजाने पाय पसरले. हिमानीने दोन्ही तळव्यांना, घोट्यांना, लुगड्याच्या काठाला आणि सतरंजीला तेल लावले. गेले महिनाभर माझे हात तिच्या पायांवर जसे फिरत तसेच तिचे हात फिरत होते, अंगठ्यापासून टाचेकडे. मग तिने आजीच्या खांद्याला ढकलले. आजी आडवी झाली. थोडी कुरकुर झाली, पण झाली.

"झोपी का?"

"झोपली बाई," सासूबाई एक डोळा उघडा ठेवून म्हणाल्या.

हिमानीने तो डोळा तेलकट बोटाने बंद केला. मग शेजारी बसून आजीच्या पोटावर थोपटू लागली. माझ्याकडे तिने मान वळवून पाहिले. तो हुकूम होता. गोष्ट कुठे आहे?

मी सुरू केली. जाम नदी झोपली. नदीपलीकडे सावरगाव झोपलं.

"संत्र्याच्या बागा राहिल्या," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. परीक्षक म्हणून त्यांचे लक्ष होते.

संत्र्याच्या बागा झोपल्या. मोहगाव झोपलं.

"मोहगाव इतक्या लवकर नाही झोपत," त्या म्हणाल्या, पण आवाज जड होता.

सौंसर झोपलं, मी म्हणालो, आणि थांबलो. आपल्या गावाबद्दल त्या काहीतरी नक्की बोलतील अशी माझी अपेक्षा होती. कोणी बोलले नाही. हिमानी थोपटत होती. मी वाकून पाहिले. विजयमालाबाई सरळ, उताण्या, हात पोटावर, पाय चकचकीत, अशा गाढ झोपल्या होत्या. मी तोंड उघडले तेव्हा हिमानीने ओठांवर बोट ठेवले.

"शू. आजी झोपी."

मी मान खाली घालून बसलो. मुलगी अजून टक्क जागी होती, आणि मी झोपवला होता तो परीक्षक.

नेमक्या या क्षणी चिंधूभाऊंना राहवले नाही आणि त्यांनी अर्धवट लोटलेल्या दारातून आत डोकावले. त्यांना काय दिसले ते वाचकाच्या लक्षात आले असेल. ते तसेच मागे झाले आणि कलाबाईंच्या कानाशी म्हणाले, "चांगल्या होत्या बाई."

कलाबाई महिनाभर या प्रकरणाच्या मध्यभागी होत्या, पण त्यांनीही आत डोकावून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. बातमी ओट्यावरून सतरंजीभर फिरली आणि भगवंतरावांच्या माजघरात वृषालीपर्यंत पोचली. त्याच सुमारास चिंधूभाऊंचा निरोप फिरत फिरत छिंदवाड्याला पोचला आणि आमच्या कार्यालयातून तिच्या फोनवर फोन आला: श्रीकांतचा फोन बंद लागतो आहे, झाले ते वाईट झाले, फोटो असेल तर पाठवा, पान थांबवले आहे. वृषाली अनवाणी धावत आली आणि दारात उभी राहिली. तिच्या मागे पंचवीस-तीस माणसे दाराशी, शब्द न काढता.

मी वर पाहिले. सगळ्या गल्लीचे चेहरे एकाखाली एक दारात रचलेले होते आणि प्रत्येकाचे डोळे ओले होते. माझ्या मुलीच्या झोपेची लोकांना इतकी काळजी आहे हे पाहून मी भारावलो.

आणि मग सासूबाई घोरल्या. साधे घोरणे नव्हते. ज्या माणसाला खूप दिवसांनी झोप सापडली आहे आणि आता तो ती सोडणार नाही, असे घोरणे होते.

चिंधूभाऊंनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली. वृषाली दाराची चौकट धरून खाली बसली. ती हसत होती का रडत होती हे सांगता येणार नाही, कारण आवाज तिने येऊ दिला नाही. कोणीच येऊ दिला नाही. हिमानीने दारातल्या सगळ्यांकडे पाहिले, एकदाच, फार थकलेल्या माणसासारखे. दिवसभराचे काम संपले होते. तिने आजीच्या हाताची उशी केली, खिडकीतल्या चांदोकडे तोंड केले आणि गुडघे पोटाशी घेतले.

रामाकोना झोपलं, मी म्हणालो. ते तिने ऐकले की नाही मला माहीत नाही.

कोणी विचारले नाही. एवढी माणसे दारात होती, प्रत्येकाच्या ओठांवर तो प्रश्न आला असणार, पण एकानेही विचारला नाही. भगवंतरावांनी हाताने खूण केली आणि सगळे जण चपला हातात घेऊन घरोघर गेले. भूपेंद्रने भगवंतरावांचा हात धरून त्यांना शेवटच्या पायरीवरून उतरवले, कारण ते डोळे पुसत होते आणि पायरी दिसत नव्हती. छिंदवाड्याला वृषालीने कळवले की बातमी नाही. तिकडून उत्तर आले, "ठीक आहे. पान सोडतो. आईंना नमस्कार."

सासूबाई उठल्या तेव्हा ऊन ओसरीवर आले होते. आधी त्यांना कळेना की आपण कुठे आहोत. हिमानी अजून त्यांच्या हातावर डोके ठेवून झोपली होती, आणि हलली नव्हती.

"रात्री उठली होती काय पोट्टी?" त्यांनी विचारले.

"नाही."

"अन् मी?"

"तुम्हीही नाही."

त्यांनी पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि परीक्षेचा निकाल काय सांगावा याचा विचार केला. मी निकालाची वाट पाहत चहा करीत होतो.

"पद्धत तुमची चांगली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मोहगावचं चुकलं. ते सौंसरच्या नंतर घ्या."

वृषालीची गाडी सकाळचीच होती. स्टेशनवर ती हिमानीला कडेवर घेऊन फार वेळ उभी राहिली, आणि गाडी आली तेव्हा तिने तिला माझ्याकडे दिले, सासूबाईंकडे नाही. हिमानीने माझ्या खांद्यावरून हात हलवला. रडली ती वृषाली.

दुपारी सासूबाईंनी निळी बॅग उघडली. फ्रॉक, स्वेटर, कानटोपी, एकेक काढून त्यांनी कपाटात परत रचले, माझ्यापेक्षा नीट. मग आपले एक लुगडे तेवढे तळाशी ठेवले आणि बॅगेची चेन लावली. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. हिमानी माझ्या खांद्यावर होती.

"शनिवारी येते मी," खिडकीत बसल्यावर त्या म्हणाल्या.

"या ना. हिमू वाट पाहील."

"लेकराले पाहाले नाही जवाईबापू," त्या म्हणाल्या. "झोपाले येते. तेल आणून ठेवा."

बस निघाली. माझे दोन्ही हात मुलीला धरण्यात गुंतले होते, म्हणून मी मान हलवून निरोप दिला. निळी बॅग त्यांच्या मांडीवर होती, आणि रिकामी असल्यामुळे खड्ड्याखड्ड्याला उडत होती.